हवामानाचे धोरण आणि आपले मत

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून शालान्त परीक्षेचा निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींची मध्येच सुटणारी शाळा या विषयांवर बोलावे, अशी अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. मी मात्र आज थोड्या वेगळ्या वाटेने जाणार आहे. हवामान बदलते आहे, त्यासाठी सरकार व न्यायालये काही निर्णय घेत आहेत, आणि त्या निर्णयांविषयी आपण सारे मोबाईलवर रात्रंदिवस मत देत आहोत. त्या मताचे पुढे काय होते? ते मोजले जाते काय? आणि मत कसे द्यावे हे आम्ही शिक्षकांनी मुलांना शिकविले आहे काय? या तीन प्रश्नांचा विचार आपण मिळून करावा, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

आपले वराळे हे मावळातले गाव. एका बाजूला भाताची खाचरे, दुसऱ्या बाजूला तळेगावची औद्योगिक वसाहत. आमच्या वर्गात शेतकऱ्याचा मुलगा, कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराची मुलगी आणि ट्रक चालविणाऱ्याची मुले एकाच बाकावर बसतात. पाऊस लांबला की एकाच्या घरी रोप करपते, धो धो कोसळला की दुसऱ्याच्या खोलीत पाणी शिरते. हवामान हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातून उठून घराच्या उंबरठ्यावर आला आहे, तो असा.

आता मताचा विचार करू. पूर्वी गावच्या चावडीवर कोणी बोलला, तर तो कोण, त्याची जमीन कोठे, त्याचे हित कशात, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. त्यामुळे बोलणाराही तोलून बोले. चावडीवर सर्वांना बोलता येत नसे, स्त्रियांना तर नाहीच, हा तिचा मोठा दोष होता. समाजमाध्यमांनी तो दोष पुष्कळ अंशी दूर केला. आज कोणीही मुलगी मंत्र्याला उद्देशून दोन ओळी लिहू शकते, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि येथे बोलणारा दिसत नाही. एक माणूस दहा नावांनी बोलतो, दहा माणसे एकाचे वाक्य पुढे ढकलतात, आणि ज्याच्या अंगावर निर्णय कोसळणार तो कित्येकदा त्या गर्दीत नसतोच. हे म्हणणे पोकळ वाटू नये म्हणून तीन खरी उदाहरणे आपल्यापुढे ठेवतो.

पहिले उदाहरण मुंबईच्या आरे वसाहतीचे. कुलाबा ते सीप्झ या भुयारी मेट्रोच्या गाड्या उभ्या करण्यासाठी गोरेगावच्या आरेमध्ये कारशेड बांधायचे ठरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यास मंजुरी दिली, आणि ट्विटर, फेसबुक, इन्स्टाग्राम पेटून उठले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या. त्याच रात्री झाडांवर करवत चालू लागली. ती बातमी मोबाईलवरून काही मिनिटांत पसरली व तरुण मुले-मुली रात्रीच तेथे जमली. काहींना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना एक पत्र पाठविले. त्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला सुट्टीच्या काळात खास सुनावणी घेतली व आणखी झाडे तोडण्यास मनाई केली. पण तोवर बहुतेक झाडे पडून गेली होती.

पुढची हकीकत आपणास माहीत आहे. सरकार बदलले तशी कारशेडची जागा बदलली. २०२० मध्ये ती कांजूरमार्गला गेली, २०२२ मध्ये पुन्हा आरेला आली. अखेर कारशेड आरेतच झाले. मेट्रोचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, व कफ परेडपर्यंतचा संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला.

या वादात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दोन्ही पक्ष हवामानाचेच नाव घेत होते. एक पक्ष म्हणे, झाडे हवा शुद्ध करतात, ती तोडू नका. दुसरा म्हणे, मेट्रो झाली तर लक्षावधी लोक मोटारी सोडतील व धूर कमी होईल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. खरा प्रश्न असा होता की मेट्रो आवश्यक मानूनही शेड दुसरीकडे बांधता येते काय, त्याला किती पैसा व किती वर्षे अधिक लागतील, आणि आरेच्या पाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींचे काय होईल. हा प्रश्न लांबलचक व किचकट. तो मोबाईलच्या चार बोटे रुंद पडद्यावर मावला नाही. तेथे ‘झाडांचे शत्रू’ आणि ‘विकासाचे शत्रू’ अशा दोनच टोळ्या उरल्या. त्या गर्दीने माणसे जमविली हे मी मान्य करतो, आणि तिचे मोलही मानतो. पण न्यायालयाचे दार उघडले ते मुद्देसूद लिहिलेल्या पत्राने, हे विद्यार्थी मित्रांनी विसरू नये.

दुसरे उदाहरण साऱ्या देशाचे आहे. मोठा कारखाना, खाण, धरण किंवा महामार्ग होण्याआधी त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करावा लागतो. त्यासाठी १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आहे. तिच्या जागी नवी आणण्यासाठी केंद्र सरकारने एक मसुदा काढला. तो राजपत्रात आला ११ एप्रिल २०२० रोजी. टाळेबंदीचा काळ, बहुतेक कचेऱ्या बंद. हरकती कळविण्यास साठ दिवस. या मसुद्यात जनसुनावणीसाठी लोकांना देण्याची मुदत तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणली होती, आणि आधी काम सुरू करून मागाहून मंजुरी मागण्याची वाट ठेवली होती.

रस्त्यावर येण्याची सोय नव्हती, म्हणून तरुणांनी मोबाईल हाती घेतला. मसुद्यातील कलमांची सोपी चित्रे काढली, छोट्या चित्रफिती केल्या, हरकतीचा नमुना तयार करून वाटला. मंत्रालयाकडे सतरा लाखांच्या घरात प्रतिक्रिया गेल्या. सरकारी मसुद्यावर एवढा प्रतिसाद क्वचितच आला असेल. मंत्र्यांच्या ई-मेलवर पत्रांचा लोट आला म्हणून तक्रार झाली, आणि एका युवक संघटनेच्या संकेतस्थळाला दिल्ली पोलिसांनी चक्क दहशतवादविरोधी कायद्याची नोटीस धाडली. ती नजरचुकीने गेली असे सांगून पोलिसांनी पुढे ती मागे घेतली. मत देणाऱ्याला भय वाटावे अशी ही गोष्ट होती, आणि तिचा निषेध व्हायलाच हवा होता.

पण माझे लक्ष दुसऱ्याच एका मुद्द्याकडे जाते. तो मसुदा होता इंग्रजीत आणि हिंदीत. त्याच्या परिणामांत ज्यांची जमीन, ज्यांची विहीर, ज्यांची नदी येणार, त्या मराठी, तमिळ, ओडिया शेतकऱ्याने तो वाचायचा कसा? दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली व राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत अनुवाद करण्याचा आदेश दिला. मंत्रालय त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. मुदत संपली तेव्हा ते सर्व अनुवाद लोकांच्या हाती पडलेले नव्हते. म्हणजे सतरा लाख मते आली, परंतु गावचा माणूस मसुदा न वाचताच मुदतीबाहेर गेला. शिवाय नमुन्यावरून पाठविलेली पत्रे शब्दन्‌शब्द सारखी. एकच मजकूर हजार वेळा आला, तर वाचणारा अधिकारी ती हजार मते समजेल की एकच? ‘माझ्या गावच्या ओढ्यात अमुक होईल’ असे एखादे वाक्य त्या पत्रात असते, तर त्याला उत्तर देणे त्याला भाग पडले असते.

तिसरे उदाहरण आपल्या सह्याद्रीचे. पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली २०१० मध्ये पश्चिम घाटासाठी एक तज्ज्ञगट नेमला गेला. त्याने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला. कोणत्या डोंगरावर खाण नको, कोठे मोठे बांधकाम नको, हे त्यात होते. आणि अंतिम निर्णय ग्रामसभांशी बोलून व्हावा, हेही होते. तो अहवाल लोकांपुढे आला २०१२ च्या मे महिन्यात, तोही माहिती अधिकाराखाली भांडून. मग सरकारने मते मागविली. पुढे नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने १,७५० प्रतिसाद तपासले व त्यांपैकी ८१ टक्के अहवालाच्या विरोधात असल्याचे नमूद केले. कोट्यवधी लोकांचा पश्चिम घाट, आणि मते पावणेदोन हजार! ‘घर बांधता येणार नाही, गुरे चारता येणार नाहीत’ अशा वावड्या गावोगाव उठल्या. इंग्रजी अहवाल वाचून त्या खऱ्या की खोट्या हे सांगणारा माणूस बहुतेक गावांत नव्हता.

३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गेली. ३० जुलै २०२४ रोजी, माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, केरळात वायनाडची दरड कोसळली. दुसऱ्याच दिवशी केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला. सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यांतील १७,३४० महाराष्ट्रात. हरकतींना पुन्हा साठ दिवस. प्रत्येक दरडीनंतर मोबाईलवर मेणबत्त्या पेटल्या, गाडगीळांचे छायाचित्र फिरले, ‘त्यांचे ऐकले असते तर’ असे हजारोंनी लिहिले. त्या हजारांतील कितींनी साठ दिवसांत आपले म्हणणे मंत्रालयाला कळविले असेल, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

वाचकहो, येथे कोणी म्हणेल की लोक अडाणी आहेत, त्यांना हवामानाचे काय कळणार? अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी एका भारतीय संस्थेबरोबर २०२१-२२ च्या सुमारास भारतात ४,६१९ प्रौढ व्यक्तींना प्रश्न विचारले. जागतिक तापमानवाढीविषयी आपणास फार थोडे ठाऊक आहे, किंवा आपण कधी ऐकलेच नाही, असे ५४ टक्के म्हणाले. मग त्यांना तिचा अर्थ दोन वाक्यांत समजावून सांगितला. तेव्हा ८४ टक्के म्हणाले, होय, असे घडते आहे. याचा अर्थ एवढाच की लोकांना अनुभव आहे, त्या अनुभवाचे नाव ठाऊक नाही. नाव सांगणे, शब्द देणे हे काम कोणाचे? ते शाळेचे आहे, आणि म्हणून हा विषय मी या व्यासपीठावर आणला.

आता आपल्या घरातले उदाहरण घेऊ. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात आदेश दिला की लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर न्याव्यात. बेकरीच्या धंद्यात आपल्या समाजाची किती कुटुंबे आहेत, हे आपणास सांगावयास नको. मोबाईलवर लगेच दोन बाजू पडल्या. एक म्हणे, जुन्या पावाची चव गेली. दुसरी म्हणे, आमची फुप्फुसे वाचली. मी नववीच्या वर्गात या आदेशावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या. बहुतेक वह्यांत चव आणि फुप्फुसे हीच वाक्ये होती, मोबाईलवरून उतरलेली. एका मुलाचे चाचा मुंबईत बेकरीत कामाला आहेत. त्याने लिहिले होते: ‘चाचा रात्री दोन वाजता भट्टीपुढे उभे राहतात. त्यांना खोकला आहे. भट्टी बदलली तर खोकला कमी होईल. पण शेठ म्हणतात, नवी भट्टी महाग आहे, माणसे कमी करावी लागतील. तेव्हा भट्टी बदलायला मालकाला कर्ज द्यावे आणि कामगाराला काढू नये.’

मित्रहो, याला मी मत म्हणतो. त्यात अनुभव आहे, दोन्ही बाजूंचे भान आहे, आणि शेवटी मागणी आहे. धोरण करणाऱ्याला यातून काही घेता येते. चव आणि फुप्फुसे यांच्या भांडणातून त्याला काहीच घेता येत नाही. हवामानाच्या धोरणाचा खरा प्रश्न ‘व्हावे की न व्हावे’ एवढ्याने संपत नाही. त्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि खर्च सोसणाराच जर गप्प राहिला, तर तो हमखास त्याच्याच माथी बसतो.

मावळाला हे नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी वळवण, लोणावळा, शिरोता येथे पाणी अडविले, ठोकळवाडीला आंध्रा नदीवर धरण बांधले. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात उतरले. तरी धरण झाले व गावे पाण्याखाली गेली. त्या विजेला आज आपण स्वच्छ वीज म्हणतो, आणि ती आहेही स्वच्छ. पण तिच्यासाठी ज्यांची खाचरे बुडाली, त्यांचा हिशेब कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

हाच प्रश्न पुन्हा आपल्या दारी येत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर व महाराष्ट्र शासन यांच्यात करार झाला. शिरोत्याला १,८०० मेगावॉट व भिवपुरीला १,००० मेगावॉट क्षमतेचे प्रकल्प उभारण्याचा त्यात संकल्प आहे. दिवसा सूर्याची वीज जास्त झाली की तिने पाणी वरच्या तळ्यात चढवायचे, आणि संध्याकाळी विजेची गरज वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, अशी ही योजना. सूर्य मावळल्यावरही कोळसा जाळावा लागू नये, यासाठी अशा साठवणीची देशाला गरज आहे. मी तिच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्यास उभा नाही. मी एवढेच विचारतो की मावळातल्या किती घरांत या योजनेविषयी चार शब्द बोलले गेले? लोणावळ्याच्या धबधब्यांच्या चित्रफिती आपण लाखांनी पाहिल्या. त्याच डोंगरावरच्या या तळ्याविषयी आपले मत काय, हे कोणी विचारले तर आपण काय सांगू?

मग करावे काय? मोबाईल फेकून द्यावा असे मी म्हणणार नाही. ते शक्य नाही व इष्टही नाही. माझ्या सूचना साध्या आहेत.

पहिली, पुढे पाठविण्याआधी मूळ कागद पाहावा. अधिसूचना असेल तर तारीख, कलम आणि मुदत वहीत उतरवावी. ज्या संदेशाला तारीख नाही, ठिकाण नाही, तो थांबवावा. ऐकीव बातमीची शहानिशा करावी, हे आपल्याला घरातून शिकविलेलेच आहे.

दुसरी, प्रत्येक माध्यमिक शाळेने वर्षातून एकदा नववी-दहावीच्या मुलांकडून एका सरकारी मसुद्यावर हरकत किंवा सूचना लिहून घ्यावी. अर्जलेखन आपण शिकवितोच. ‘मुख्याध्यापकांस रजेचा अर्ज’ याबरोबर ‘जिल्हाधिकाऱ्यांस जनसुनावणीसाठी निवेदन’ हाही नमुना असू द्यावा. मजकूर मराठीत असावा, आणि त्यात आपल्या गावचे निदान एक वाक्य असावे.

तिसरी, पालकांनी ग्रामसभेला व जनसुनावणीला जावे, आणि आपल्या घरातील स्त्रियांना बरोबर न्यावे. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली होते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तेथे बोललेला मुद्दा इतिवृत्तात येतो, आणि ते इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. दहा हजार अंगठ्यांची चिन्हे कोठे नोंदली जातील याचा भरवसा नाही. इतिवृत्तातले एक वाक्य मात्र प्रकल्पाच्या कागदाबरोबर पुढे जाते.

चौथी, आपल्या शाळेने पावसाची वही ठेवावी. रोज सकाळी आठ वाजता पर्जन्यमापकात किती पाणी आहे ते मुलांनी लिहावे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये इंद्रायणी भाताचे वाण निघाले, तेही वर्षानुवर्षे नोंदी ठेवूनच. दहा वर्षांची अशी वही हाती असली, तर ‘पाऊस बदलला’ असे म्हणणाऱ्याला कोणी अडाणी म्हणू शकणार नाही.

शेवटी तळेगावची एक आठवण देतो आणि आपली रजा घेतो. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ मध्ये येथे काचेचा कारखाना काढला. एका पैशाची किंमत ती काय? पण देणाऱ्याने तो आपल्या कनवटीतून काढून दिलेला होता, आणि घेणाऱ्याने तो वहीत मांडलेला होता. आपल्या मताचेही तसेच व्हावे. ते पदरचे असावे, आणि कोठेतरी नोंदले जावे. येत्या वर्षी आपल्या शाळांतून अशी शंभर निवेदने बाहेर पडली, तर पुढच्या मेळाव्यात त्यांचा हिशेब आपणापुढे मांडण्याचे काम मी आनंदाने पत्करीन.